झेंडूची डोली

“इळसरी! आकीन इळसरी!” नवरीची आई ओरडली. कन्नडमध्ये याचा अर्थ, उतरवा, तिला खाली उतरवा. घड्याळात बारा वाजून अकरा मिनिटं झाली होती. अक्षता बारा पस्तीसच्या होत्या. नवरीची डोली कार्यालयाच्या दारातून सहा पावलं आत आली होती, आणि ती डोली मी बनवली होती.

मी सोलापुरात लग्नांचं फ्लॉवर डेकोरेशन करते. एकोणीस वर्षं झाली. काम घेताना मी एक फॉर्म भरून घेते. त्यात तेव्हा एकतीस प्रश्न होते. दाराची उंची किती, जनरेटर आहे का, नवरीला कुठल्या फुलाची ॲलर्जी आहे का. एकोणिसावा प्रश्न असा, की घरातल्या कोणाच्या फोटोला हार घालायचा आहे का. त्यापुढे या लग्नाच्या नवरीनं, भाग्यश्रीनं, लिहिलं होतं, ‘पप्पा’.

तिचे वडील सात महिन्यांपूर्वी गेले होते. वर्षाच्या आत लग्न करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी रीत म्हणून घरात लगेच करायचं ठरलं, म्हणून मे महिन्यातली तारीख काढली. भाग्यश्री पुण्यात नोकरी करायची. तिनं मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. चार दांड्यांची उघडी डोली, आत खुर्ची, सगळीकडे पांढरी फुलं. ऑफिसमधले चार मित्र ती खांद्यावर आणणार होते.

“ढगात बसल्यासारखं दिसलं पाहिजे, मॅडम,” ती म्हणाली. मग तिनं फोन बाजूला ठेवला. “आणि दुसरं, डोलीपेक्षा महत्त्वाचं. स्टेजवर माझ्या शेजारी आई उभी राहणार. पप्पा नाहीत म्हणून आमच्यातल्या काही जणी तिला मागच्या रांगेत बसवायला निघाल्यात. महिनाभर मनवलं तेव्हा कुठं हो म्हणालीय.”

मी आराखडा तसाच केला. फुलांच्या वाटेच्या एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला आई. डोली आत येईल, आई समोरून चालत येईल, मध्यावर दोघी भेटतील आणि एकत्र स्टेजवर जातील. आईला कुणी मागे बसवूच शकणार नाही. मला स्वतःला ही कल्पना फार आवडली होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला पुण्याहून फुलांची गाडी आली. वाटेत टेंभुर्णीजवळ गाडीचा एसी बंद पडला होता. ड्रायव्हरनं ते मला कळवलं नव्हतं. पांढरी कार्नेशन चाळीस गड्ड्या होती, त्यातली तेहतीस तपकिरी झाली होती. ऑर्किड सगळी गेली.

मी भाग्यश्रीला फोन केला. तिचा मेकअप सुरू होणार होता.

“तुम्ही बघा मॅडम,” ती म्हणाली. “काहीही लावा. फक्त एंट्री रद्द करू नका.”

मार्केट यार्डात वैरागच्या एका शेतकऱ्याचा ताजा झेंडू आला होता. मी ऐंशी किलो उचलला. झेंडूची एक सोय असते. कार्नेशन ओॲसिसमध्ये, म्हणजे पाणी धरणाऱ्या हिरव्या स्पंजमध्ये, खोचावं लागतं. झेंडू दोऱ्यात ओवला की काम झालं. पण ओवलेल्या लडींमधून डोलीचे लोखंडी पाइप दिसत होते. ते झाकायला मी चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट बांधायचं ठरवलं. वर झेंडूची कमान, मागे शेवंतीची पाठ, मध्ये खुर्ची.

साडेआठला इरप्पा माझ्याकडे आला. इरप्पा अक्कलकोटकडचा, साठीला टेकलेला, माझ्याकडे सोळा वर्षं बांधणीचं काम करणारा. तो फार कमी बोलतो.

“मॅडम, खुर्ची ठिवायची हेच्यात?”

“मग काय ठेवायचं?”

“पाट ठिवू की. न्हायतर पोरीला चालत येऊ द्या. आमच्याकडं कसं हाय...”

“इरप्पा, खुर्ची अठरा इंच उंच आहे, म्हणून नवरी गर्दीत दिसणार. पाटावर बसली तर कुणाला दिसणार नाही. खुंट घट्ट बांध, वजन येणार आहे.”

त्यानं खुंट घट्ट बांधले.

भाग्यश्रीचं घर लिंगायत, इरप्पाचंही. या घरांत मृताला आडवं नेत नाहीत. बसवून नेतात. केळीचे खुंट आणि फुलं बांधून खुर्चीसारखी चौकट सजवतात, तिला विमान म्हणतात. त्यात माणसाला हार घालून, समोर तोंड करून बसवतात आणि खांद्यावरून दफनाला नेतात. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी जन्मापासून सोलापुरात आहे. अशा यात्रेला रस्ता देऊन मी कितीदा हात जोडले आहेत. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात पांढऱ्या ढगांचा फोटो होता. एकेक वस्तू बदलत गेले आणि शेवटी काय तयार झालं, ते दहा पावलं मागे जाऊन पाहिलं नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी चार मित्रांनी डोली उचलली. ते पुण्याचे, त्यांना काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. भाग्यश्री खोलीतून घाईत, डोलीच्या मागच्या बाजूनं येऊन बसली होती. आत बसलेल्याला बाहेरून काय दिसतं ते कळत नाही. ती हसत होती.

समोर महानंदाबाई, तिची आई, जांभळ्या इरकल साडीत उभ्या होत्या. त्यांनी दोन पावलं टाकली आणि थांबल्या. सात महिन्यांपूर्वी नवऱ्याला त्यांनी असंच बसलेलं पाहिलं होतं. आता त्यात मुलगी होती.

त्या ओरडल्या तशी मित्रांनी घाबरून डोली खाली ठेवली. सनई वाजतच राहिली. त्यानंतर पहिला आवाज आला तो भाग्यश्रीच्या थोरल्या आत्यांचा.

“तरी मी म्हनत हुते, हिला म्होरं आनू नका म्हनून. आनलं न्हवं रडं शुभकार्यात?”

“चूक माझी आहे,” मी म्हणाले. “डोली मी बांधली. त्यांचा काय दोष?”

“तुमाला कोन बोलतंय? तुमी फुलंवाल्या. तुमी तासाभरानं जाशीला.”

महानंदाबाईंनी पाठ फिरवली. त्या नवरीच्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली.

आम्ही खुंट कापले. सात मिनिटांत डोलीचा नुसता सांगाडा राहिला, तो मागच्या दारानं बाहेर काढला. भाग्यश्री खोलीच्या दाराशी उभी होती.

“आई, उतरले मी. चालत आलेय बघ. दार उघड.”

“तू जा,” आतून आवाज आला. “येळ चुकवू नको.”

“तुझ्याशिवाय नाही जाणार.”

“म्होरं आल्यावर काय झालं बघितलंस न्हवं? जा, माझी शपथ हाय.”

भाग्यश्री एकटी चालत स्टेजवर गेली. बारा पस्तीसला अक्षता पडायला लागल्या तेव्हा खोलीचं दार उघडलं. महानंदाबाई बाहेर आल्या आणि शेवटच्या रांगेच्या मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तिथूनच त्यांनी अक्षता टाकल्या. स्टेज तिथून चौसष्ट फुटांवर होतं. मला मोजायची गरज पडली नाही, मांडणी माझीच होती. त्यांचे तांदूळ समोरच्या खुर्चीच्या पाठीवर पडले.

भाग्यश्री नंतर मला एवढंच म्हणाली, “तुमचं चुकलं नाही असं म्हणायला पाहिजे, मॅडम. पण म्हणवत नाही.” मी म्हटलं, म्हणू नकोस. आत्यांच्या म्हणण्याला पुरावा हवा होता, तो मी ऐंशी किलो झेंडू वापरून तयार करून दिला होता.

सामान टेम्पोत भरताना मी इरप्पाला विचारलं, “तुला कळलं होतं, तर बोलला का नाहीस?”

“बोललो की मॅडम. तुमी अठरा इंच म्हनलासा.”

फॉर्मवर आता बत्तिसावा प्रश्न आहे. सजावटीत कुठली वस्तू किंवा मांडणी तुमच्या घरात चालत नाही? लोक उत्तर लिहितात, काही जण रिकामं सोडतात. पण उत्तर त्या दिवशी फॉर्मवर नव्हतंच, माझ्यासमोर सुतळी हातात घेऊन उभं होतं. इरप्पाला ते वाक्य पुरं करायला सात-आठ सेकंद लागले असते. डोली उचलायला तेव्हा साडेतीन तासांहून जास्त वेळ होता.