रंगूबाईच्या दारात कमळाबाई

महाडच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या कमळाबाईला भावात कुणी हरवलं नाही. "बोंबलांना वास येतोय" म्हणणाऱ्याला ती विचारी, "मंग काय गजरा घ्यायला आलावतास?" लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी नवरा गेला; तेव्हापासून बाई जगली ती टोपलीवर आणि तोंडावर. चाळिशी उलटल्यावर ती ख्रिस्ती झाली, तेव्हा शेजारची ठमाबाई म्हणाली, "येशूचं काय खरं नाय आता. त्याला ही बोलू द्यायची नाय."

पण रविवारी सहदेव मास्तरांच्या पडवीत सातआठ माणसं प्रार्थनेला जमली की हीच बाई गप्प. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे. भाकरीच्या तुकड्यांची ताटली हातोहात फिरे. कमळाबाई ती घेई आणि तुकडा न उचलता शेजारणीकडे सरकवी. दोन वर्षं हेच.

एकोणऐंशी सालच्या एका रविवारी मास्तरांनी बायबलातली व्यभिचारात सापडलेल्या बाईची गोष्ट वाचली. येशूपुढे तिला ओढत आणलं, तो म्हणाला निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा, आणि दगड घेऊन आलेले एकेक करून निघून गेले, ती. सगळे घरी गेले तरी कमळाबाई बसून राहिली. मग बोलली. पंधरा वर्षांपूर्वी पोलादपूरचा भिकाजी सुतार तिचं छप्पर दुरुस्त करायला आला होता. बायकोवाला माणूस. छप्पर आठ दिवसांत झालं, तो उन्हाळाभर येत राहिला. मागच्या वर्षी तो वारला.

मास्तर म्हणाले, "प्रभूने त्या बाईला दोषी धरलं नाही, पण तिने केलं ते पाप नव्हे, असंही म्हणाला नाही. पुन्हा करू नको म्हणाला. तुम्ही ते सोडलंत, त्यासाठी रडलात. देवाने पुसलं."

"पन ज्याचा अपराध केला त्याच्याशी आधी समेट करा, असं तुमीच वाचलावतं ना? मी रंगूबायचं वाईट केलंय."

"भिकाजीच्या बायकोचं? तिला ठाऊक आहे का हे?"

मूठभर सुकटीचा भाव सांगताना दहादा विचार करणाऱ्या कमळाबाईने या प्रश्नाचा मात्र विचार केला नाही. मंगळवारी ती पोलादपूरच्या यष्टीत बसली.

रंगूबाईने तिला घरात घेतलं, गुळाचा चहा दिला. नवऱ्याचा विषय निघताच म्हणाली, "गेले, पन कंदी परक्या बाईकडं मान वर करून बघितलं नाय. त्याच्यावरच दिवस काढतेय."

इथे चहा पिऊन उठायचं. पण यष्टीत घोकलेलं वाक्य तोंडातून निसटलं.

रंगूबाई आधी हसली. मग म्हणाली, "कंदी?"

कमळाबाईने साल सांगितलं.

"तवा मी उमरठला, म्हायेरी. बाळंतपनाला. त्यांनी निरोप धाडलावता, काम सरत नाय, पोराचं तोंड बघायला येता येत नाय." ती थांबली. "तुज्याकडलं काम व्हय ते?"

कमळाबाईच्या पुढ्यातली अर्ध्या चहाची कपबशी तिने उचलून घेतली. "तू हलकी झालीस गो. माजा मानूस एकदा मेलावता, आज तू परत मारलास. वर माफी मागतेस. देऊ कशातनं? ठेवलंस काय?"

पुढच्या प्रभुभोजनाला ताटली आली तेव्हा कमळाबाईने हात मांडीवरून उचललेच नाहीत.

"मास्तर, माजं पुसलं, आन तिच्या कपाळी लिवलं."

"मीच तुम्हाला थांबवायला हवं होतं," मास्तर म्हणाले. त्यांनी ताटली उचलून तिच्यापुढे धरली. "ही भाकर निर्मळांसाठी असती तर या पडवीत एकही तुकडा कुणी खाल्ला नसता. घ्या. आणि तिचं जे मोडलंत, ते आता तुमच्या गळ्यात आहे. ती हाकलेल. तरी जात राहा."

कमळाबाईने तुकडा तोंडात घातला. दोन वर्षांची भूक होती.

मंगळवारी तिला येताना बघून रंगूबाई आत गेली आणि कडी घातली. कमळाबाई पायरीवर बसली. "माफी नाय मागत," दाराकडे बघून म्हणाली. "नुसती बसते."

आत जातं फिरत होतं. मग ते थांबलं आणि हुंदके ऐकू आले. कमळाबाईने हात उचलला, पण दार वाजवलं नाही. पाचच्या यष्टीपर्यंत ती तिथेच बसली होती. कडी निघाली नाही.