पंखावरचं टेंगूळ
आज शेजारी दाराला पॉलिश करत होते. त्या वासानं कॉलेजातलं ते सागवानी विमान आठवलं, आवाजाहून वेगानं उडणाऱ्या विमानाचा नमुना. कॉलेजच्या वर्कशॉपात मी मदतनीस होते; नमुन्यावर जोराचा वारा सोडून चाचणी व्हायची, त्याआधी तो काचपेपरनं घासायचं काम माझं. कामठीला मागावर कापडातल्या गाठी बोटानं शोधायची सवय होती, म्हणून डोळे मिटून हात फिरवला, तर पंखाच्या धारेवर बारीक टेंगूळ लागलं. "सर, इथं बोट अडकून राहिलं जी." सर हसले. "नकाशाप्रमाणेच आहे ते, हात लावू नको. तुले काय समजते वं?" चाचणीत वाऱ्याचा प्रवाह नेमका तिथंच विस्कटला. तेव्हा चाचणी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर सर म्हणाले, "या बाईनं घासून घासून टेंगूळ आणलं." पाहुण्यांनी माना डोलावल्या. अहो, घासल्यानं लाकूड झिजतं, वाढत नाही! एवढं साधं उत्तर जिभेवर होतं, आणि मी काचपेपरचे तुकडे गोळा करत राहिले. आज निदान लिहिलं तरी.