कमानीवरची झेली

मोंफाल्गूच्या वरच्या वेशीला लागून झऱ्याचा एक हौद आहे. झेली रूमेगूची आई तिथं गावाचं धुणं धुवायची आणि आईचे गुडघे गेल्यावर तिच्या जागेवर झेली बसायला लागली. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि तोंडाची भारी फटकळ. लहानपणी बकरीनं लाथ मारलेली, तिची खाच डाव्या भुवईत तशीच राहिली होती. तेवढी सोडली तर गावात तिच्यासारखं तोंड दुसरं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं.

एका सोमवारी सकाळी फुल्क्राँ बुस्के हौदावर आला. तो पाथरवट. बापाच्या मागं खाणीतच वाढलेला, अबोल, हातांना सदा भेगा. त्या दिवशी धुतलेला सदरा घालून, टोपी हातात धरून तो आला आणि अकरा बायकांच्या देखत त्यानं झेलीला लग्नाचं विचारलं. एकटं गाठून विचारायचं धाडस त्याला झालं नसावं.

झेलीनं हातातली चादर पिळली आणि म्हणाली, "तुझा हात धरायचा म्हणजे कानशीनं अंग घासून घ्यायचं. त्यापेक्षा हा धुण्याचा दगड बरा. तो निदान झिजून गुळगुळीत तरी झालाय."

बायका हसून हसून हौदात पडायच्या बाकी राहिल्या. फुल्क्राँ टोपी घालून निघून गेला. झेली संध्याकाळपर्यंत हे विसरूनही गेली. द्राक्षांच्या तोडणीपर्यंत तर पिठाच्या गिरणीवाल्या विदालांकांच्या मार्सेलँशी तिचं लग्न ठरलं.

पुढच्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे चोवीसच्या वसंतात, पॅरिसहून सरकारी वास्तुतज्ज्ञ आला आणि चर्चच्या मोठ्या दारावर परांची चढली. दारावरच्या कमानीत शेवटच्या न्यायाचा देखावा कोरलेला आहे. डावीकडं तरलेले लोक ओळीनं, शांत, जरा कंटाळल्यासारखे. उजवीकडं नरक. तिथं लोभी, चहाडखोर, खोटं माप देणारा, आणि टोकाला छातीला साप आणि बेडूक लागलेली बदफैली बाई. फ्रेंच क्रांतीच्या वर्षी गावातल्याच लोकांनी शिडी लावून तिचं डोकं फोडलं होतं. तेव्हापासून सव्वाशेहून जास्त वर्षं ती बिनडोक्याची बसली होती. तज्ज्ञानं फुल्क्राँला सांगितलं की हिला डोकं करून बसव, तोंड कुणाचंही दे, पण घडण जुन्यासारखी दिसली पाहिजे.

फुल्क्राँनं परांचीला गोणपाट लावून घेतलं आणि चार महिने आत काम केलं.

पंधरा ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, बिशपच्या हस्ते गोणपाट उतरवलं. सगळं गाव चौकात होतं. झेली मार्सेलँच्या शेजारी नवी ओढणी घेऊन उभी होती. लोकांनी वर पाहिलं. मग एकेकानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. तिला आधी कळेचना. हसू फुटलं ते हौदावरच्या बायकांच्या घोळक्यातून, आणि मग ते चौकभर पसरत गेलं. बिशप लोकांकडं बघून प्रेमानं हसले. त्यांना वाटलं, लोक आनंदले आहेत.

वर तिचंच तोंड होतं. तेच गाल, वरच्या ओठाची तीच जाडसर कड, डाव्या भुवईत तीच खाच. तोंड किंचित उघडं होतं. वेदनेनं की सुखानं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आणि खाली, आठशे वर्षांच्या जुन्या अंगावर, बेडूक.

मार्सेलँनं तिचा हात सोडला. सोडला म्हणजे झटकला नाही, हळूच काढून घेतला.

चौथ्या दिवशी त्याची आई झेलीच्या घरी आली. बसली नाही. झेलीच्या आईला म्हणाली, "ज्या दाराखालून वरात जायची, त्याच दारावर नवरी नरकात बसलीय. आमच्या घराला हे झेपायचं नाही, बाई." झेलीच्या आईनं गुडघे धरून हातापाया पडायची तयारी केली, पण विदालांकबाई तोवर दारासमोरच्या पायऱ्या उतरून गेली होती.

झेली पाद्रीबुवांकडं गेली. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले की दगडाला नाव नसतं. तिच्या मनात पाप नसेल तर तिला लागायचं कारण नाही. शिवाय कमान आता सरकारी वारसा आहे, त्यांना खडा हलवायचाही अधिकार नाही. मग ती फुल्क्राँच्या अंगणात गेली. तो दगडाला टाकी मारत होता.

"उतरव ते," ती म्हणाली.

तो मान वर न करता म्हणाला, "आता मी फक्त दगडाशी बोलतो. गुळगुळीत दगडाशी."

ऑक्टोबरात, सगळं गाव मळ्यांत उतरलं असताना, भर दुपारी तिनं त्याच्याच अंगणातली शिडी ओढत नेली, कमानीला लावली आणि हातोडी घेऊन चढली. पहिल्या घावात नाकाचा शेंडा उडाला. दुसरा घाव घालताना शिडी घसरली. पायऱ्यांवर पडून तिचा घोटा मोडला आणि संध्याकाळी लोक परत येईपर्यंत ती तिथंच पडून होती, आपल्या तोंडाच्या बरोबर खाली. हाड वाकडं सांधलं. त्या दिवसापासून ती लंगडायला लागली. गावानं ठरवलं की सैतानानंच कमानीवरचं आपलं माणूस सांभाळलं. पोरं तिला 'बेडकी' म्हणायला लागली. आधी लपून, मग तोंडावर, आणि ती पोरं मोठी झाल्यावर त्यांची पोरं.

ती गाव सोडून का गेली नाही, असं पुढं कुणीतरी विचारलं. कुठं जाणार होती? आई अंथरुणाला खिळली होती, आणि लंगड्या बाईला धुण्यापलीकडं काम कोण देणार? विदालांकांच्या घरचं धुणंही तिच्याकडंच येत राहिलं. मार्सेलँनं दुसरी केली, तिच्या बाळंतपणाची फडकी झेलीनंच धुतली. चर्चमध्ये ती बाजूच्या दारानं जायची. आई गेली तेव्हा मात्र पेटी मोठ्याच दारातून नेणं भाग होतं. पेटीमागून लंगडत ती कमानीखाली आली, तेव्हा मागून कुणीतरी 'डराव' केलं. खांदेकऱ्यांपैकी एकाचे खांदे हसण्यानं हलले आणि पेटी हलली. पेटीत आईचं डोकं फळीला लागल्याचा आवाज झेलीनं ऐकला.

त्यानंतर तिचं फटकळ तोंड मिटलं ते मिटलंच.

युद्ध आलं, गेलं. वास्तुतज्ज्ञ मेला, त्याचे कागद बॉम्बमध्ये जळाले. एक्कावन्न साली तुलूझच्या लार्नोदी नावाच्या प्राध्यापकांनी मोंफाल्गूच्या कमानीवर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, सगळ्या कमानीत ते एक डोकं सर्वात थोर. बाराव्या शतकातल्या कुणा अनाम कारागिराचं. नाकाचा फुटका शेंडा ही क्रांतीतल्या मोडतोडीची खूण, आणि देवानं जणू तेवढ्यावरच तिला वाचवलं. बसगाड्या यायला लागल्या. तंबाखूच्या दुकानात झेलीच्या तोंडाची छायाचित्रं विकायला आली, आणि ती विकायला बसली ती हौदावरचीच एक म्हातारी, जी त्या दिवशी सगळ्यांत आधी हसली होती. विदालांकांनी गिरणी मोडून खाणावळ काढली. मार्सेलँ नगराध्यक्ष झाला. गावात कुणीच आता तिला बेडकी म्हणेना. ती बाई आठशे वर्षांची आहे, हे गावानं इतकं मनावर घेतलं की झेलीशी तिचा काही संबंध होता, हेच लोक विसरले. म्हणजे विसरल्यासारखं करायला लागले.

फुल्क्राँला आधी मजा वाटायची. कॅफेत कुणी पाहुणा पुस्तक उघडून बसला की तो आपल्या वाईनमध्ये बघून हसायचा. पण नंतर त्याला ते टोचायला लागलं. त्यानं लग्न केलं नव्हतं. आयुष्यभर उंबरठे, कुंपणाच्या भिंती आणि थडग्यांचे दगड घडवले होते. दगडाची धूळ छातीत बसून त्याची फुप्फुसं निकामी झाली, तेव्हा, त्रेसष्टच्या मार्चमध्ये, त्यानं पुतणीकडून प्राध्यापकांना पत्र लिहवलं: ते डोकं माझं आहे.

प्राध्यापक रागावूनच आले. मार्सेलँनं त्यांना खाणावळीत बदक खाऊ घातलं आणि सांगितलं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. गावात चार जणांना विचारलं, चौघांनी तेच सांगितलं. प्राध्यापकांनी पुतणीला कळवलं की पुरावा हवा. आणि डोकं खरंच नवं निघालं, तर ते कमानीवरून काढावं लागेल, कारण जुन्या कामात नवं मिसळून ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

फुल्क्राँनं झेलीला बोलावणं धाडलं. एकोणचाळीस वर्षांत ती त्याच्या अंगणात गेली नव्हती. तो उशांना टेकून बसला होता. श्वास घेताना त्याच्या छातीत चाळणीत वाळू हलवल्यासारखा आवाज यायचा.

"तू सांग त्यांना," तो म्हणाला. "तुझी भुवई दाखव. तुझ्यावाचून दुसरा पुरावा नाही."

झेली भिंतीकडच्या बाकावर टेकली.

"रागानंच सुरू केलं होतं मी. खोटं कशाला बोलू? पण टाकी चालायला लागली, तसा राग गेला. मग नुसतं तोंड उरलं. तेवढी एकच चांगली गोष्ट झाली माझ्या हातून, झेली." तो थांबून श्वास जमवत राहिला. "आणि तुझंही भलंच आहे त्यात. ते उतरवतील ते. सुटशील."

"उतरवून कुठं ठेवतील?"

"तुलूझच्या संग्रहालयात. काचेत."

"खाली नाव लिहितील?"

"लिहितात."

"कुणाचं?"

फुल्क्राँला प्रश्नच कळला नाही. "माझं," तो म्हणाला. "दुसरं कुणाचं?"

झेली उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्राध्यापकांनी तिला कमानीखाली बोलावलं. मार्सेलँ मागं उभा होता, हात पाठीमागं बांधून. त्याच्या कपाळावर घाम होता. समोर एकसष्ट वर्षांची, दात पडलेली, काळ्या ओढणीतली लंगडी धोबीण. प्राध्यापक तिच्याशी सभ्यपणे बोलले, पण बोलताना पूर्णवेळ वर बघत होते.

"बाई, हे डोकं नवं आहे असं बुस्के म्हणतात. तुम्हाला काही आठवतं?"

झेलीनं वर पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं ते तोंड असं निवांत उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. पावसानं गालांवर करडे ओघळ आले होते. भुवईतल्या खाचेत शेवाळ धरलं होतं. ते तिच्यापेक्षा खूप तरुण होतं. एका शब्दात ते खाली येणार होतं. बाविसाव्या वर्षापासून ती ज्यासाठी रडली, जिथं पाय मोडून घेतला, ते सगळं एका 'हो'वर आलं होतं. आणि तिला दिसत होता काचेखालचा एक कागद, त्यावर फुल्क्राँ बुस्के, आणि तो कागद वाचायला वाकलेली माणसं.

"कायमचंच आहे ते," ती म्हणाली. "माझ्या आजीनं मला दाखवलं होतं. म्हणायची, वाईट वागलीस तर अशी होशील."

प्राध्यापकांनी वहीत लिहून घेतलं. त्यांचा चेहरा उजळला. मार्सेलँनं श्वास सोडला आणि तिला खाणावळीत कॉफी घ्यायचा आग्रह केला. ती गेली नाही.

ती सरळ फुल्क्राँकडं गेली. पुतणी बाजारात गेली होती. झेली त्याच्या खाटेशी खुर्ची ओढून बसली आणि काय विचारलं, काय सांगितलं, ते तिनं शब्दाला शब्द त्याला ऐकवलं. आजीचंसुद्धा.

तो ओरडेल, शिव्या देईल असं तिला वाटलं होतं. त्यानं फक्त आपले हात पांघरुणावर पालथे ठेवले आणि ते दुसऱ्याचे असल्यासारखे बघितले.

"म्हणजे आता तू तिथंच," तो म्हणाला.

"तिथंच."

"आणि मी कुठंच नाही."

"नाही," झेली म्हणाली.

त्याला खोकल्याची उबळ आली. तिनं त्याला पाठीला धरून बसवलं, पाणी पाजलं, ओठांवरचं रक्त पुसलं. आजाऱ्याला धरायची तिला सवय होती. उबळ थांबल्यावर त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "पण चांगलं झालंय ना ते? तू आज नीट पाहिलंस. तेवढं तरी सांग."

चांगलं झालं होतं. तिनं सकाळीच पाहिलं होतं, आणि नजर काढून घेणं तिलाही जड गेलं होतं.

"मला दगडातलं काय कळतंय?" ती म्हणाली, आणि पेला धुऊन जागेवर ठेवून घरी गेली.

फुल्क्राँ अकरा दिवसांनी गेला. त्याच्या थडग्यावरचा दगड बाहेरगावाहून आणावा लागला, कारण गावात दुसरा पाथरवट नव्हता. त्यावरचं त्याचं आडनाव चुकलं होतं, आणि पुतणीनं ते तसंच राहू दिलं. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत प्राध्यापकांनी तळटीप घातली की एका स्थानिक कामगाराचा निराधार दावा तपासून फेटाळण्यात आला आहे.

झेली त्यानंतर नऊ वर्षं जगली. ननांच्या वृद्धाश्रमात शेवटी तिला ठेवलं होतं, तिथल्या एका तरुण ननला तिनं हे सगळं सांगितलं. ननला वाटलं, म्हातारी पश्चात्ताप करतेय, म्हणून तिनं क्षमेची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. झेलीनं तिला थांबवलं. म्हणाली, पश्चात्ताप नाही. फक्त फुल्क्राँनं शेवटी 'चांगलं झालंय ना?' विचारलं तेव्हा 'हो' म्हणायचं जिभेवर आलं होतं, आणि ते गिळताना किती बरं वाटलं, हे कुणाला तरी सांगायचं होतं.