रसाची टाकी

मिलिंदला जाऊन आता दीड महिना होईल. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी तळवड्याच्या आमच्या शेडमध्ये एका टाकीचं ड्रॉइंग तपासत बसलो होतो आणि त्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठं गेला? सुट्टी टाकलीय का आज?" तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग मला कळलं. बावीस वर्षं त्याचं नसणं म्हणजे फक्त सुट्टी होती, त्यामुळे त्या शब्दाचा दुसरा अर्थ माझ्या डोक्यात शिरलाच नाही. फोन ठेवल्यावर मी ड्रॉइंगवरचं अर्धवट माप लिहून पूर्ण केलं, खाली सही केली, पेनाला टोपण लावलं आणि मग निघोज्याला त्याच्या घरी गेलो. सकाळी चहा पिऊन उठताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, असं तिथे समजलं. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. झोपेत हात अंगाखाली दबून बधिर होतो आणि जागं झाल्यावर तो दुसऱ्या हाताने उचलून बाजूला ठेवावा लागतो, तसं सध्या माझं चाललं आहे.

मिलिंद स्टीलच्या टाक्या बनवायचा. मी ड्रॉइंग काढायचो, तो जोडायचा. सुरुवातीला आमच्याकडे दुधाच्या टाक्यांचं काम असे. पुढे नारायणगावच्या पुढे आणि नाशिककडे द्राक्षवाल्यांनी वाइनचे कारखाने काढले आणि मालकांना त्या टाक्यांची ऑर्डर मिळाली. मालकांनी शेडमध्ये पेढे वाटले तेव्हा मिलिंदने पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला. त्याचे वडील पिंपरीच्या एका कंपनीत कामाला होते आणि दारूपायी गेले. मिलिंद तेव्हा दहावीत होता. चाळीस दिवसांनी आईने त्याला विहारात नेलं, बुद्धमूर्तीपुढे उभं केलं आणि पंचशील म्हणायला लावलं. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. ते तिने त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. "बाकीची चार जमतील तशी, दिगू," तो मला म्हणायचा, "पाचवं मातर पक्कं." आणि आता असा माणूस वाइनच्या टाक्या जोडणार होता. घरी आईने विचारलं, "कसली टाकी हाय रं ही?" तर त्याने सांगितलं, "रसाची." द्राक्षाचा रस. त्यात खोटं काही नव्हतं, टाकीत आधी रसच भरतात. पुढचं त्याने सांगितलं नाही, म्हातारीनेही विचारलं नाही. तेव्हापासून त्याच्या घरी आणि आमच्या शेडमध्येही ती 'रसाची टाकी'च झाली. मालकसुद्धा फोनवर गिऱ्हाइकाला तसंच सांगायचे आणि मग जीभ चावायचे.

टाकी बसवायला आम्ही दोघं जायचो. चाकणच्या चौकातून बाहेर पडलं की मिलिंद सैलावायचा. नारायणगावच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी असलेला एक जुना कारखाना आम्हा दोघांच्या विशेष आवडीचा होता. द्राक्षांच्या बागेतून उतार उतरून गेलं की दगडी भिंतींचं तळघर लागायचं. बाहेर ऊन भाजत असलं तरी आत गारवा, लाकडी पिंपांच्या रांगा, आणि ओली माती, फळ आणि लाकूड यांचा मिळून एक वास. तिथली वाइन बघणारे गृहस्थ मूळचे बागायतदार, सगळे त्यांना अण्णा म्हणत. पुण्याहून हौशी मंडळी तळघर बघायला यायची, त्यांच्याबरोबर अण्णा मलाही चव घ्यायला उभं करायचे. मी ग्लास गोल फिरवून, नाक खुपसून, घोट तोंडात घोळवायला शिकलो. परभणीहून आलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्याचा भलताच अभिमान वाटायचा. मिलिंद मागे पिंपाला टेकून बघत राहायचा आणि म्हणायचा, "काय राव, चूळ भरतोयस का?" अण्णा त्याला तसल्याच उंच देठाच्या ग्लासात पाणी द्यायचे. तो पाणी पिऊन माझा रिकामा ग्लास हुंगायचा आणि त्याचा अंदाज माझ्या जिभेपेक्षा खरा निघायचा. एकदा तो म्हणाला, "ह्यो माल पिंपात लई दिस राहिलाय." अण्णांनी पिंपावरची तारखेची पाटी बघितली आणि ते हसले. "नाक तुझं आणि ढोंग याचं," असं ते माझ्याकडे बोट करून म्हणाले.

त्याच्या कामाची एक रीत होती. वेल्डिंगच्या जोडाला तो 'शिवण' म्हणायचा, कारण आई शिवणकाम करायची. टाकी आतून जोडून, घासून झाली की त्या शिवणीवरून तो धुतलेल्या जुन्या धोतराचं पांढरं फडकं फिरवायचा. कुठे बारीकशी जरी कड उभी राहिली असली तरी फडक्याचा धागा तिथे अडकतो. तिथे पुढे घाण बसते आणि आतला माल नासतो. आधी तो स्वतः फिरवायचा, मग मला टाकीत पाठवायचा आणि बाहेर उभं राहून टाकीच्या तोंडातून आत विचारायचा, "अडकलं का?" टाकीत त्याचा आवाज चारी बाजूंनी यायचा. मी "नाही" म्हटलं की तो पुढच्या कामाला लागायचा. टाकी जागेवर बसवल्यावर, पहिला रस भरायच्या आधी, हे सगळं परत एकदा. प्रवासात काय झालं असेल सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं. बावीस वर्षांत मी "हो, अडकलं" असं किती वेळा म्हटलं असेल? दोन्ही हातांच्या बोटांत मावेल.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सहा-सात वर्षं झाली असतील. फेब्रुवारीत द्राक्षांची तोडणी जोरात चालू होती आणि त्याच तळघरातल्या एका टाकीची तोटी जिथे जोडलेली असते तिथून गळती लागली. टाकी रिकामी करून, वारा देऊन ठेवली होती. मिलिंद सकाळी आत शिरला तो दुपारीच बाहेर आला, अंगावरचा शर्ट पिळून काढावा इतका भिजलेला. शेजारच्या टेबलावर काचेचा जग होता. तिथला कामगार मला मघाशीच म्हणाला होता की हा दोन दिवसांपूर्वीचा रस आहे, आंबायला लागलाय, जपून घ्या. मी चाखून बघितला होता. गोड, पण जिभेला टोचणारा. त्यात काय आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ग्लास भरला आणि मिलिंदपुढे धरला. "रस आहे, घे."

त्याने एका दमात संपवला. मग ग्लास डोळ्यांपुढे धरून बघत राहिला. "गोड हाय," तो म्हणाला, "पण टोचतंय." मी म्हटलं, "ताजा आहे ना, म्हणून." त्याने ग्लास हुंगला नाही. मला ते तेव्हा लक्षात आलं नव्हतं, आता रोज आठवतं. प्रत्येक रिकामा ग्लास हुंगणारा माणूस तो एकच ग्लास न हुंगता खाली ठेवून हात धुवायला गेला. मी असं का केलं? त्याला फसवून हसावं असा विचार नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. एवढी वर्षं ज्याच्यासाठी हा माणूस टाक्यांत घाम गाळतो, त्याची चव त्याला एकदा तरी कळावी, असं काहीसं मनात होतं. पण तसं होतं तर मी विचारायला हवं होतं. मी त्याचाच शब्द उचलला आणि त्याच्या पुढे केला.  परतताना राजगुरुनगर आल्यावर तो एकदम वडिलांबद्दल बोलायला लागला. ते कसे गेले एवढंच तोवर सांगितलं होतं. "बाप घरी यायचा ना, तवा त्याच्या तोंडाला वास यायचा. पण त्यो असा गोड न्हवता..." एवढंच बोलून त्याने काच खाली केली. मी गाडी चालवत राहिलो.

तो जाण्याच्या दोन दिवस आधी, शनिवारी, आमची शेवटची भेट झाली. त्याच जुन्या कारखान्यासाठी एक नवी टाकी तयार झाली होती. मी आतून फडकं फिरवलं, बाहेरून त्याने विचारलं, मी "नाही" म्हटलं. बाहेर आलो तेव्हा शेडमध्ये आम्ही दोघंच होतो आणि काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "मिलिंद, तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय. लई दिवसांची." तो हातमोजे काढत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "रसाचं असंल तर राहू दे."  त्याने मोजे फळीवर ठेवले, गाडीची किल्ली शोधली आणि "टाकी मंगळवारी लोड करू" असं सांगून गेला. म्हणजे त्याला माहीत होतं. कधीपासून? त्या दुपारपासून, की राजगुरुनगरपासून, की नंतर कधी? आणि राहू दे म्हणजे माफ केलं, की त्याबद्दल तुझ्या तोंडून ऐकायचंसुद्धा नाही? मी सोमवारी विचारणार होतो. सोमवारीच प्रज्ञाचा फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला निघोज्यात बरीच माणसं जमली होती. भंतेजींचं प्रवचन झाल्यावर लोक दोन-दोन शब्द बोलत होते. मिलिंदची बायको, सुनीता वहिनी, उभी राहिली. "आयुष्य त्या टाक्यांत गेलं त्यांचं, पण एक थेंब तोंडाला लावला न्हाई," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुमी सांगा. तुमीच तर होता संगं." पहिल्या रांगेत खुर्चीवर त्याची म्हातारी आई बसली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माइक माझ्या हातात आला. मी म्हणालो, "मिलिंदने आयुष्यात कधी दारू घेतली नाही." म्हातारीने मान हलवली, आणि मी खाली बसलो. ते खोटं नव्हतं. त्याने घेतली नव्हती, मी दिली होती. पण एवढं सगळं माइकवर बोलायची माझी हिंमत झाली नाही आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटण्याइतकीही शुद्ध त्या दिवशी नव्हती. नंतर सगळ्यांबरोबर जेवलो. भात थोडा कच्चा होता, एवढं लक्षात आहे.

गेल्या आठवड्यात ती टाकी तळघरात बसवली. मिलिंदच्या जागेवर आलेला वेल्डर चांगला आहे, पण फडक्याची रीत त्याला माहीत नव्हती, म्हणून मीच आत शिरलो. फडकं मिलिंदच्या कपाटातलं होतं, प्रज्ञाने धुऊन, इस्त्री करून पाठवलेलं. टाकीत स्टीलचा थंडावा होता आणि वरच्या तोंडातून पडलेला उजेडाचा एक गोल. मी उभ्या शिवणीवरून फडकं फिरवलं, मग आडव्या, मग तळाची गोल शिवण, तोटीभोवती. धागा कुठेच अडकेना. मी दाबून फिरवलं, कडेला नख लावून बघितलं. त्याची एखादी तरी चूक सापडावी असं मला वाटत होतं. एवढीशी कड, एक तुटका धागा. म्हणजे तो आणि मी जरा तरी बरोबरीला आलो असतो. बाहेर अण्णा पाइप धरून थांबले होते, वर रस तयार होता. "झालं का?" त्यांनी विचारलं. ते तसं विचारणारच, 'अडकलं का' हा मिलिंदचा प्रश्न होता. मी "नाही" म्हणालो आणि पुन्हा पहिल्या शिवणीपासून फडकं फिरवायला घेतलं.