उजेडात धरलेला पापड

फोटो काढताना ऊन पाठीशी घ्यावं, असं मला सगळेच सांगतात. मी हट्टानं उन्हाकडे तोंड करून उभा राहतो. उजेड पलीकडून आला की केळीच्या पानाची शीर न् शीर दिसते, कोकम सरबताचा साधा ग्लास पेटल्यासारखा होतो आणि कुंपणावर बसलेल्या मांजरीचा कान चक्क गुलाबी दिसतो. हे बघायचं मला व्यसनच आहे म्हणा ना!

परवा सकाळी आमच्या गॅलरीत आई आणि शेजारच्या मालूकाकू उडदाचे पापड लाटत होत्या. लाटलेला प्रत्येक पापड आई उन्हासमोर धरून बघायची. जाड राहिला असेल तिथे तो काळपट दिसतो. मग तिथे पुन्हा लाटणं फिरवायचं. एक पापड मात्र असा उतरला, की मागची तिची बोटं, अंगठीसकट, आरपार दिसली. मी तेवढ्यात फोटो काढला.

आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो! मोठ्या ऐटीत मी तो आईला दाखवला. तिनं चष्मा चढवला, फोटो मोठा केला, कडेकडेनं नीट तपासला.

“मालू, बघ गं, कुठेच जाड नाही!” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुझ्या मावशीला पाठव. तिचे नेहमी मध्ये जाड राहतात.”

फोटोबद्दल अवाक्षर नाही. क्षणभर मी खट्टू झालो, आणि मग छाती फुगली. तिला माझा फोटो दिसलाच नव्हता. त्याच्या आरपार तिला नुसता पापड दिसला होता.

म्हणजे माझाही कुठे जाड राहिला नव्हता.