टेकडीवरचा चिनी विभाग

चीनची लढाई थांबली त्या हिवाळ्यात मी संग्रामपूरकडच्या एका गावात ग्रामसेवक होतो आणि बायको देऊळगाव राजाला शाळेत मास्तरीण होती. जिल्ह्याच्या नकाशात एक गाव वरच्या टोकाला, दुसरं खालच्या. रजा काढली की ती एसटी बदलण्यातच संपायची. मला बदली हवी होती. दुसरं काही नको होतं.

गटविकास अधिकारी पुण्याकडचे होते. ते म्हणाले, "तुमचा अर्ज माझ्याकडे आहे. आधी गावातला कार्यक्रम नीट पार पाडा, मग बघू."

कार्यक्रम म्हणजे लुटुपुटीची लढाई. गावाबाहेरच्या टेकडीवर चिनी बसणार, खालून आपली फौज चढणार, चिन्यांना हुसकून झेंडा लावणार, मग साहेबांचं भाषण. चिन्यांची व्यवस्था माझ्याकडे होती. काम एकच: वेळेवर हरणे.

चावडीवर बैठक घेतली. सरपंचांनी आपल्या फौजेचं सेनापतिपद लगेच घेतलं आणि त्यांच्या गटाची माणसं त्यांच्यामागे गेली. उरला विरोधी गट, तो आपोआप चिनी झाला. त्यात दोन चुलतभाऊ होते. एक जुना पहिलवान, दुसरा भजनी मंडळाचा बुवा. शेताच्या बांधावरून त्यांचं बोलणं बंद होतं. दोघांत वयाने मोठा कोण, हासुद्धा वाद होता. मागच्या निवडणुकीत दोघेही उभे राहिले, मतं फुटली आणि तिसराच माणूस सरपंच झाला.

"मी काऊन चिनी होऊ?" पहिलवान म्हणाला. "मले पोरीचं लगन कराचं आहे. चिन्याची पोरगी कोन करून घेईन?"

"सेनापतीची जागा आहे," मी म्हणालो.

पहिलवान जरा सरळ बसला. "अन् बुवाले काय देता?"

माझ्याकडे तालुक्याहून आलेलं एक माहितीपत्रक होतं. ते मी वाचून दाखवलं. चीनने देशाचे मोठमोठे लष्करी विभाग पाडले आहेत. प्रत्येक विभागाला एक सेनापती आणि एक राजकीय अधिकारी. दोघांचा दर्जा सारखा, आणि हुकमावर दोघांची सही लागते. त्यांच्या हाताखाली लढाईची आखणी करणारं खातं, शिपायांना शिकवण देणारं खातं आणि पुरवठ्याचं खातं. विभागाखाली प्रांत आणि अगदी खाली गावोगावचे लोकसैनिक. लढाई नसेल तेव्हा हाच विभाग भरती करतो, धान्य साठवतो, रस्तेही बांधतो.

"दोघं सारखे? मंग मालक कोन?" बुवांनी विचारलं.

"दोघेही."

गावातल्या लग्नकार्याचा स्वयंपाक करणारी एक विधवा मावशी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "म्हंजे सासू-सून दोघी एका चुलीवर. त्या घरी जेवन भेटत नाई, भाऊ."

माझाही हिशेब तोच होता. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन प्रमुख टेकडीवर बसवले की हरण्यासाठी वेगळे कष्ट पडणार नाहीत. पहिलवान सेनापती, बुवा राजकीय अधिकारी. पत्रकात पुरवठा होता म्हणून मावशी पुरवठाप्रमुख. नेमायचंच तर पुरतं नेमावं, ही माझी सवय.

नियम सोपे ठेवले. बंदुका तुराट्यांच्या. ज्याची टोपी गेली तो मेला. मेलेल्याने बाजूला जाऊन बसायचं. बाजूला म्हणजे टेकडीच्या माथ्याजवळच्या कडुलिंबाखाली, कारण सावली तेवढीच होती. मावशीने चूलही तिथेच मांडली.

लढाईच्या दिवशी सरपंचांनी फौजेला अंधारातच उठवलं. "जेवन जिंकल्यावर," असा त्यांचा हुकूम होता. साहेबांची जीप आली तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. टेकडीवर मी दोन्ही प्रमुखांच्या मधे उभा, भांडण सुरू होण्याची वाट पाहत.

पहिलवान खाली बघत माझ्या कानाशी म्हणाला, "बुवाले सांगा, सरपंच डाव्या अंगानं येऊन राह्यला."

बुवांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "पहिलवानाले सांगा, मले दिसते. त्याची टोपी आपल्याले पाह्यजे."

"हाव," पहिलवान म्हणाला.

पुढच्या सगळ्या हुकमांवर दोघांची संमती होती. जे बांधावर जमलं नव्हतं ते सरपंचांच्या टोपीवर जमलं. मी हळूच म्हणालो, "आपल्याला हरायचं आहे." बुवा म्हणाले, "हरू ना भाऊ, आधी टोपी तं घेऊ द्या." आणि त्यांनी टाळ वाजवून शिपायांना शिकवण द्यायला सुरुवात केली. शिकवणीत चीन कुठेच नव्हता, सरपंचांनी अडवलेली पाण्याची टाकी होती.

तेवढ्यात कडुलिंबाखाली मावशीने झुणक्याला फोडणी दिली. वारा टेकडीवरून खाली वाहत होता. आपली फौज चढता चढता थांबली. पहिला मेलेला भाकर खात बसलेला सगळ्यांना दिसत होता.

एक जण स्वतःच टोपी काढून पहिलवानाच्या हातात देत म्हणाला, "घ्या, मी मेलो. जेवाले कुठीसा बसू?"

त्याच्यामागे रांग लागली. मावशी ओरडली, "मेलेल्यायनं हात धुऊन बसा!" खालून सरपंच गरजत होते, "उठा बे! मरू नका! साहेब पाहून राह्यले!" पण पोटभर मेलेली माणसं उठत नाहीत. शेवटी सरपंच एकटेच चढले. दोन्ही चुलतभावांनी त्यांची टोपी एकदमच धरली, एकाने पुढून, एकाने मागून, आणि कोणीच सोडेना. दोघे तशीच धरून साहेबांसमोर आले.

साहेबांनी भाषणाचा कागद खिशात घातला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गेली बदली, मी मनात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पंचायत समितीत बोलावणं आलं. सरपंच आधीच येऊन बसले होते.

"साहेब, हा चिन्यायचा मानूस गावात नको. याले लांब टाका."

"किती लांब?"

"जिल्हा सरते तिथं."

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट खाली खाली नेलं. "देऊळगाव राजाकडे जागा रिकामी आहे. त्याच्या पुढे जालनाच."

"तिथंच!" सरपंच म्हणाले.

मी चेहरा पडलेला ठेवला. त्या दिवशी मी केलेलं सर्वांत कठीण काम तेच.

इतक्यात दार ढकलून पहिलवान आणि बुवा आत आले. "आमचा ग्रामसेवक जाता कामा नाई," दोघे एका सुरात म्हणाले. मी पहिलवानाचा सदरा ओढला. "अहो, राहू द्या." त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही भिऊ नका, भाऊ. आमी आहो ना."

साहेब दोन्हीकडून कंटाळले होते. "अर्ध्या गावाची मागणी असेल तर विचार करावा लागेल. लेखी द्या. आत्ताच." बुवांनी अर्ज लिहिला, अक्षर सुरेख. मग सही करायला दौतीकडे हात नेला.

"वरती माही सही," पहिलवान म्हणाला. "सेनापती मी होतो."

"शिकवन कोनं देली? आन मी मोठा आहो."

"तू मोठा? माह्या बारश्यात तू पाळन्यात होता, बे!"

"पाळन्यात होतो, म्हंजे आधी जन्मलो ना!"

पहिलवानाने माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊ, तुमच्या त्या कागदात वर कोनाची सही आहे?"

मी पत्रक पाठ केलं होतं. खरं तेच सांगितलं, "दोघांचा दर्जा सारखा. वर कोणाची, ते दिलेलं नाही."

वाद बारशावरून बांधावर गेला, बांधावरून आजोबांच्या वाटणीवर. साहेबांनी थोडा वेळ ऐकलं, बिनसह्यांचा अर्ज बाजूला सारला, माझ्या बदलीच्या शिफारशीवर स्वतःची एकट्याची सही केली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

निघताना मावशीने झुणका-भाकरीचं गाठोडं दिलं. ते चिखलीपर्यंत पुरलं. देऊळगाव राजाच्या स्टँडवर बायको उभी होती. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"शिक्षा म्हणून पाठवलं म्हणे?"

"हो."

"किती वर्षांची?" तिने विचारलं आणि माझ्या हातातली वळकटी घेतली.