नांदरगी फीडरचं परमिट

वीज असते तेव्हा तिच्यामागे कुणी माणूस असतो हे कुणाच्या ध्यानात येत नाही. वीज गेली की मात्र अख्ख्या गावाला त्या माणसाच्या आईबहिणीची आठवण होते. गुंडू मगदूमनं चोवीस वर्षं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. तो वीज उपकेंद्रात ऑपरेटर होता. शिरोळ तालुक्यात, चारी बाजूंनी ऊस, मध्ये तारेचं कुंपण, कुंपणात गुरगुरणारे दोन मोठे ट्रान्सफॉर्मर आणि एक बैठी इमारत. तिच्यातल्या खोलीत कपाटाएवढी चार पॅनेलं, एक टेबल, एक फोन आणि गुंडू. एकेका पॅनेलमधून एकेक लाईन निघायची, तिला म्हणायचं फीडर. चार फीडर मिळून अकरा गावं. ती अकरा गावं गुंडूला चेहऱ्यानं ओळखत नव्हती, पण त्याचा फोन नंबर पोरासोरांनाही पाठ होता.

"ओ, लाईट कवा येणार हाय?" इथून सुरुवात व्हायची आणि शेवट कुठं व्हायचा ते लिहिण्यासारखं नाही. गुंडू ऐकून घ्यायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! घरी त्याची बायको सुरेखा म्हणायची, "तुमी एकदा तरी उलटून बोला की." त्यावर तो म्हणायचा, "अंधारात बसलेल्या मानसाला काय बोलायचं?"

लोकांना ठाऊक होता तो दादासो. दादासो जंगम हा नांदरगी फीडरचा वायरमन. दादासो आला म्हणजे लाईट आली, असंच नांदरगीकर समजायचे. त्याला कुणी चहा पाजायचं, कुणी पिशवीभर वांगी गाडीला अडकवायचं. त्यानं ते कमावलंही होतं म्हणा. उन्हाळ्यात तापलेल्या लोखंडी खांबावर चढायचं, गांधीलमाशा डसल्या तरी दोन्ही हात कामात गुंतलेले, वाऱ्यावादळात सगळं गाव घरात शिरत असताना हा एकटा घराबाहेर पडायचा. दोन हजार एकोणीसच्या महापुरात हा गडी गुळाच्या काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, बसून दीड किलोमीटर पाणी कापत गेला आणि बुडायला आलेल्या डीपीची, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरची, लाईन तोडून आला. डीपीतला करंट पाण्यात पसरला असता तर किती माणसं मेली असती याचा हिशेब कुणी केला नाही. लोकांनी फोटो काढले तेवढे.

गुंडू आणि दादासो एकोणीस वर्षं एकमेकांच्या भरवशावर जगले. भरवशावर म्हणजे अगदी अक्षरशः. वायरमनला तारेला हात लावायचा असेल तर तो आधी ऑपरेटरकडून परमिट घेतो. आपलं पूर्ण नाव सांगायचं, फीडरचं नाव सांगायचं. ऑपरेटर लाईन बंद करतो, वहीत वेळ लिहितो आणि हँडलला लाल पाटी अडकवतो. मग वायरमन खांबावर तारांना साखळी टाकतो आणि तिचं टोक जमिनीत रोवतो. चुकून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जाते, उपकेंद्रातलं हँडल फाटकन पडतं आणि माणूस वाचतो. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच, स्वतःच्या आवाजात, ते परत द्यायचं. साहेबाचा फोन येवो नाहीतर आमदाराचा, तो आवाज आल्याशिवाय लाईन सोडायची नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात कितव्या पानावर आहे ते गुंडूला माहीत नव्हतं, पण हा नियम मोडला की बाई विधवा होते हे माहीत होतं.

आणि तरीही पुराच्या दिवसांत तो मोडला जायचा. पूर आला की लाईट जायची, लाईट गेली की मोबाईलचे टॉवर गप व्हायचे, मग परमिट परत द्यायचं कसं? त्यावर या मंडळींनी एक तोड काढली होती. वेळ ठरवायची. अमक्या वेळेपर्यंत काम होईल, त्या वेळी लाईन सोडा, नाही झालं तर माणूस धाडतो. हे चूक आहे हे गुंडूला कळत होतं, दादासोला कळत होतं, इंजिनिअर संयोगिता माने मॅडमनाही ऐकून माहीत असावं. पण आठ-दहा वेळा निभावून गेलं होतं, आणि निभावून गेलेल्या चुकीला माणसं पद्धत म्हणायला लागतात.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत कृष्णा पात्राबाहेर आली. चौथ्या दिवशी दुपारी एक वाजता दादासो उपकेंद्रात आला, नखशिखांत भिजलेला. चिंच पडून नांदरगीची लाईन तुटली होती. गावच्या शाळेत आजूबाजूची चारशे पूरग्रस्त माणसं होती आणि पाण्याची मोटार दोन दिवस बंद होती.

"परमिट द्या आण्णा. रेंज कुठंबी न्हाय. पाचला सोडा."

"तसलं काय सांगू नगं," गुंडू म्हणाला. "काम झालं की इथं ये, सही कर, मग सोडतो."

"येऊन जायला दीड तास जातोय. तवर चारशे मानसं काय नदीचं पानी पित्यात?" दादासोनं खिशातल्या डायरीचं पान फाडलं, त्यावर 'पाच वाजता लाईन सोडणे' असं लिहून खाली सही ठोकली आणि टेबलावर ठेवलं. "ही घ्या चिठ्ठी. काय झालं तर माझ्यावर. आन् झालं न्हाय तर मी मानूस धाडतो की!"

गुंडूनं लाईन बंद केली, लाल पाटी लावली. मॅडमना विचारावं म्हटलं तर त्या पलीकडच्या गावात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून ट्रान्सफॉर्मर उचलून घेत होत्या. तीन दिवस त्यांनी पाठ टेकली नव्हती.

पाच वाजले. माणूस आला नाही. म्हणजे काम झालं असणार. तरी गुंडू थांबला. सव्वापाचला नांदरगीहून लांबच्या वाटेनं, पाण्यातून ट्रॅक्टर घालून पंधरा-वीस जण फाटकात येऊन उभे राहिले. पुढं माजी सरपंच गणपतराव.

"काय रं ए, झोपलाईस काय आत? ल्हान पोरं तहानेनं रडालीत तिकडं!"

"लाईनीवर मानूस हाय, गणपतराव."

"दादासो व्हय? त्येनं दुपारीच सांगितलंय, पाचला लाईट येती म्हणून. सोड आता, न्हायतर आमी आत येतो."

फाटक हलायला लागलं. पाच वीसला गुंडूनं पाटी काढली आणि हँडल वर केलं. फाटकन आवाज आला, हँडल खाली पडलं.

त्या चार दिवसांत प्रत्येक फीडर वीस-वीस वेळा असा पडला होता. ओली फांदी तारेला टेकते, हँडल पडतं, तीन मिनिटांनी परत टाकून बघायचं, फांदी जळून गेलेली असते आणि लाईन टिकते. रोजचंच होतं. गुंडूनं घड्याळाकडं बघितलं. बाहेर आरडाओरडा वाढला होता. एक दगड पत्र्यावर येऊन पडला. पाच तेवीसला त्यानं हँडल दुसऱ्यांदा वर केलं, आणि लाईन टिकली.

बाहेर शिट्ट्या वाजल्या. एकानं आत येऊन गुंडूच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला. चोवीस वर्षांत लोकांनी दिलेली ती पहिली वस्तू. गुंडूनं त्यातली दोन बिस्किटं खाल्लीसुद्धा.

सव्वासहाला एक जण मोटरसायकल ढकलत आला, गुडघ्यापर्यंत चिखल. "साडेचारला निघालोय बघा," तो धापा टाकत म्हणाला. "ओढ्यावर पानी आलंय, तिकडनं वळसा घालून आलो. दादासोनं निरोप दिलाय. अजून दोन तास लागत्यात म्हणं, लाईन सोडू नका."

गुंडूनं पॅनेलवरच्या पेटलेल्या दिव्याकडं पाहिलं. मग उठून हँडल पाडलं. त्याला उगाच वाटून गेलं की आता तरी बंद केली म्हणजे काहीतरी झालं. काही झालं नव्हतं. जे व्हायचं ते तासाभरापूर्वीच होऊन गेलं होतं. उच्च दाबाच्या तारेला माणूस लागला म्हणून हँडल पडतंच असं नाही. माणसाला तेवढाही मान नाही.

दादासो चिंचेशेजारच्या खांबाखाली सापडला. त्याची साखळी त्याच्या बाजूलाच पडली होती. माने मॅडमनी ती उचलून बघितली. तारेला धरणारा तिचा चिमटा वितळून गेला होता. त्यांनी वहीतल्या दोन नोंदी वाचल्या आणि त्यांना सगळं समजलं. पाच वीसला वीज आली ती साखळीनं अंगावर घेतली होती आणि हँडल पाडलं होतं. दादासो तेव्हा जिवंत होता. घाबरला असेल, ओरडला असेल, उतरायलाही लागला असेल. पण त्या एका तडाख्यात चिमटा जळून साखळी गळून पडली. पाच तेवीसला त्याच्या आणि विजेच्या मध्ये काहीच उरलं नव्हतं.

चौकशी लागली. तिच्या आदल्या दिवशी मॅडमनी गुंडूला बाजूला घेतलं. त्यांचे पाय अजून पाण्यानं सडलेले होते, चपलेत पट्ट्या बांधून चालत होत्या. "मगदूम, दादासोची चिठ्ठी होती असं कळलं. ती दिलीत तर चूक त्याच्या नावावर जाईल आणि तुम्ही वाचाल. पण मग त्याच्या घरच्यांना नोकरी मिळणार नाही, स्वतःच्या निष्काळजीपणानं मेला असं लिहितील." मग त्या म्हणाल्या, "मी ती चिठ्ठी पाहिलेली नाही. मी काही सांगणार नाही."

त्या संध्याकाळी सुरेखा चहा टाकत होती. गुंडूनं चिठ्ठी गॅसवर धरली. सुरेखानं ती ओढायला हात घातला आणि तिची बोटं पोळली.

"अवं, आपल्या घरादाराचं काय?" ती रडतच म्हणाली. "त्येनंच लिवून दिलंतं की!"

"त्येनं एकदा सोड म्हणून लिवलंतं," गुंडू म्हणाला. "दोनदा न्हाय."

चौकशीत त्यानं सांगितलं, परमिट परत न घेता मी लाईन सोडली. का, या प्रश्नाला तो म्हणाला, चुकलं. आधी निलंबन झालं, मग नोकरी गेली. खटला अजून चालू आहे. फाटक हलवणारे तेच लोक आता त्याला बघून थुंकायला लागले. गणपतरावांनी तर शोकसभेत भाषण केलं की बेजबाबदार माणसानं आमचा दादासो मारला. दादासोच्या बायकोच्या, शालूबाईच्या दारात गुंडू एकदाच गेला. तिनं दार लावून घेतलं. ते बरोबरच होतं, असं त्याला वाटलं. चिठ्ठीबद्दल तो कुणाजवळही बोलला नाही. पण खरं सांगायचं तर त्या जळलेल्या चिठ्ठीवरच तो जगत होता. आपण निदान एवढं तरी केलं, हे तो रोज भावाच्या उसाला पाणी पाजताना मनातल्या मनात घोळवायचा. तेवढाच आधार होता, आणि तो कुणी काढून घेईल असं त्याला वाटलं नव्हतं.

दादासोच्या मुलीला, निशिगंधाला, बापाच्या जागी नोकरी लागली. तिला खांबावर पाठवू नये म्हणून मॅडमनी खटपट करून तिला उपकेंद्रात ऑपरेटर केलं. गुंडूच्याच खुर्चीत.

यंदा मार्चमध्ये एका दुपारी ती गुंडूच्या घरी आली. अंगावर नोकरीचा गणवेश, खांद्याला डब्याची पिशवी, चारच्या पाळीला जायची होती. गुंडूला काय करावं ते सुचेना. मॅडमनी हिला चिठ्ठीचं सांगितलं असेल, म्हणून आली असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचे डोळे भरून आले. सुरेखानं तिच्यापुढं चहा ठेवला. तिनं कपाला हात लावला नाही.

"काका, मी जुनी वही काढून बघितली," ती म्हणाली. "पाच वीसला ट्रिप, लाईन पडली. पाच तेवीसला परत चालू."

गुंडूनं मान डोलावली.

"सहा महिने झालं मी तिथं बसतोय. मला शिकीवलंय, परमिट वायरमनकडं असताना लाईन पडली तर ती फांदी समजायची न्हाय. आधी साखळी समजायची. वर मानूस हाय समजायचं." तिचा आवाज चढला नव्हता. "मला सहा महिन्यात कळलं. तुमाला चोवीस वर्सं झालती. त्या तीन मिनिटात तुमच्या मनात आलंच न्हाय व्हय?"

न्हाय म्हणायला एक क्षण पुरला असता. चौकशीत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी नाही, वकिलांनी नाही, सुरेखानंही नाही. सगळ्यांनी कागदाचंच विचारलं होतं. हा प्रश्न फक्त त्या खुर्चीत बसलेल्या माणसालाच पडू शकत होता.

"आलतं," गुंडू म्हणाला. "दादासोची साखळी असंल, असं आलतं मनात."

"मग?"

"भाईर लोक वरडत हुती, पोरी."

निशिगंधा उठली. तिनं डब्याची पिशवी खांद्याला लावली आणि दारात चप्पल घालता घालता म्हणाली,

"माझ्यावरबी रोज वरडत्यात की, काका."